बसला का बसवला?

भाऊराव वैरागडे माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य लेखी होतं. लाल शाईत, पोस्टकार्डाच्या अर्ध्या तुकड्यावर: "हे दाताचे माप आहे की चहात बुडालेल्या टोस्टाचे? परत पाठवीत आहे. वैरागडे."

वर्ध्यात दवाखाना उघडून मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. नव्वदच्या दशकाची सुरुवात, हातात नवी पदवी, आणि गावात दातांची बाई डॉक्टर मी एकटीच. त्यामुळे माझा स्वतःवर विश्वास जरा जास्तच होता. ती चिठ्ठी वाचून माझ्या कानशिलांतून वाफ निघाली.

लोकांना वाटतं की दाताची कॅप दातांचे डॉक्टर बनवतात. आम्हीही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. खरं म्हणजे आम्ही दात घासून बारीक करतो, त्याचं माप घेतो आणि डब्यात घालून पाठवून देतो. मापात प्लास्टर ओतून साचा काढायचा, त्यावर धातूची पातळ टोपी करायची, तिच्यावर चिनीमातीचे थर चढवून भट्टीत भाजायचे आणि शेजारच्या दातांना तो आपलाच भाऊ वाटेल असं रूप द्यायचं, हे सगळं दुसराच कोणीतरी करतो. आमच्याकडे तो दुसरा कोणीतरी गावाजवळच्या नालवाडीत दोन खोल्यांत बसायचा आणि अख्ख्या जिल्ह्यातल्या दातांच्या डॉक्टरांवर संतापलेला असायचा.

मी चिठ्ठी घेऊन तडक नालवाडीला गेले. दार उघडंच होतं. आत बंडी घातलेला एक बुटका माणूस कोणावर तरी ओरडत होता. चष्मा दोऱ्याने मानेला बांधलेला, भुवया प्लास्टरच्या भुकटीने पांढऱ्या. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. तो हातातल्या प्लास्टरच्या जबड्यावर ओरडत होता.

"हे तुम्ही लिहिलंय?" मी चिठ्ठी पुढे केली.

"खाली नाव हाय ना? मंग इचारता कायले?"

"माप परत पाठवायची ही पद्धत आहे?"

"अन् माप पाठवाची ही पद्धत हाय?" त्यांनी माझा डबा माझ्यासमोर आपटला. "माप कवा घेतलं?"

"सकाळी."

"पाठवलं कवा?"

"दुपारी. रिक्षावाला उशिरा आला."

"म्हंजे चार घंटे उन्हात. हे माप नाई मॅडम, हे वाळवन हाय. हे सुकते तसं आक्रसते. ह्याच्यावर मी कॅप केली तं ती कोनाच्या दातावर बसन? तुमच्या रिक्षावाल्याच्या?"

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी, मंदाबाई, चहा घेऊन आल्या. "बसा मॅडम," त्या शांतपणे म्हणाल्या. "मनावर नका घेऊ. सकाळपासून दूधवाल्यावर चालू होतं, आता तुमच्यावर आलं."

निघताना भाऊरावांनी मला दारात थांबवलं आणि बोट नाचवत जे सांगितलं ते पुढे मी हजार वेळा ऐकलं. "दात बसला पाह्यजे मॅडम. बसवला नाई पाह्यजे."

हा फरक त्यांच्या आयुष्याचा पाया होता. कॅप आपोआप, नुसत्या बोटाने जागेवर गेली, तर दात बसला. डॉक्टरने ती आतून घासली, बाजूने घासली, वरून दाबली आणि रोग्याला "दोन दिवसांत सवय होईल" म्हणून घरी पाठवलं, तर दात बसवला. त्यांच्या मते वर्धा जिल्ह्यात बहुतेक दात बसवलेले होते आणि या पापाचा हिशेब वर कुठेतरी नक्की होणार होता.

काम पाठवलं की त्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, नाव नाही.

"बसला का बसवला?"

"बसला, भाऊ."

"शप्पत?"

"वैरागडेभाऊ, डोकं खाऊ नका. पेशंट बसलेत."

खाडकन फोन बंद.

दात न बसण्याची त्यांची कारणं ठरलेली होती. पहिलं कारण डॉक्टर. दुसरं वीज मंडळ, कारण भट्टीत दात असताना लाइट गेली की चिनीमाती कच्ची राहते. तिसरी लाळ. चौथं पुन्हा डॉक्टर. त्यांच्या खोलीत एक फळी होती. तिच्यावर वाईट मापं ओळीने मांडलेली असत आणि प्रत्येकापुढे डॉक्टरचं नाव. माझी तिथे तीन होती. एकदा मी चहा पिताना हळूच त्यातलं एक पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या जागी पाटी आली: "येथील माप मॅडम घेऊन गेल्या."

तरी मी त्यांच्याकडेच काम देत राहिले. कारण सरळ होतं. भाऊरावांची कॅप बोटाने सोडली की जागेवर जायची आणि मग कॅप कुठली आणि खरा दात कुठला हे मलाच ओळखू यायचं नाही.

काम ते स्वतः लुनावरून आणून द्यायचे. मागच्या दाराने. तिथे कंप्रेसर होता, रिकामी खोकी होती. पुढच्या खोलीत पेशंट असत आणि यांच्या चपलांना प्लास्टर. शिवाय पेशंटने विचारलं तर आम्ही सगळेच डॉक्टर सांगायचो, "मुंबईहून मागवलाय." मीही सांगायचे. नालवाडी म्हटलं की लोकांचा विश्वास बसत नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. भाऊराव मागच्या दारातून डबा द्यायचे, एक शिवी वीज मंडळाला द्यायचे आणि जायचे. अकरा वर्षं असंच चाललं.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे इम्प्लांट आलं. म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू घालायचा, हाडाने त्याला घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्याच्यावर सिरॅमिकचा दात चढवायचा. नागपूरचे एक सर्जन महिन्यातून एकदा माझ्या दवाखान्यात येऊ लागले. सूट, टाय, आणि पाच-पाच मिनिटांनी घड्याळाकडे नजर.

भाऊरावांना मी त्याची माहितीपुस्तिका दिली. ती इंग्रजी होती. त्यांनी शब्दकोश घेऊन ती दोन महिने वाचली आणि एका सकाळी फोन केला. आवाजात काळजी होती, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त ओरडत होते.

"मॅडम, ह्या स्क्रूले गादी नाई!"

"कसली गादी?"

"आपल्या दाताच्या मुळाभवती गादी असते ना? कॅप जराशी इकडंतिकडं झाली तं दात सरकून घेते. माफ करते. हे लोखंड माफ नाई करनार."

"टायटॅनियम आहे ते."

"तेच ते. केसाएवढा फरक झाला तरी बोंबलन. तुमच्या त्या टायवाल्याले सांगून ठिवा."

माझी पहिली केस होती प्रमिलाताईंची. सेलूच्या अंगणवाडीत त्या मुलांना शिकवायच्या. हापशाचा दांडा उसळून तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. शेजारचे चांगले दात घासून त्यांच्या आधाराने पूल बांधायला त्यांची तयारी नव्हती, म्हणून इम्प्लांट. दात गेल्यापासून त्या तोंडावर हात ठेवूनच बोलायच्या.

"गंमत सांगू का मॅडम?" त्या हाताआडून म्हणाल्या. "आता माह्ये पोरं गानं म्हनतात ना, तं सगळेच्या सगळे तोंडावर हात ठिवून म्हनतात. त्यांले वाटते, गानं असंच म्हनतात."

सांगताना त्या हसल्या. डोळे मात्र हसले नाहीत.

माप घ्यायच्या दिवशी लाइट नव्हती. लोडशेडिंगचे दिवस होते ते. इम्प्लांटचं माप घेताना हाडातल्या स्क्रूवर एक छोटा खुंटा लावतात, म्हणजे स्क्रू कुठे आणि किती तिरका आहे ते मापात उतरतं. तो खुंटा पूर्ण खाली बसलाय का हे डोळ्यांना दिसत नाही. एक्स-रे काढूनच पाहावं लागतं. आणि एक्स-रेला लाइट लागते.

"थांबू या का, सर?" मी विचारलं.

"बसलाय तो. मला हाताला कळतं," सर घड्याळाकडे पाहत म्हणाले. "घ्या माप."

मी घेतलं.

आठ दिवसांनी दात आला. सर मुद्दाम त्या दिवशी आले होते. प्रमिलाताई खुर्चीत, मी दात लावतेय, आणि दात जाईना. एका बाजूने अडकत होता, दुसऱ्या बाजूने फट दिसत होती. चावायला सांगितलं तर खालचा दात आधी त्याच्यावरच आपटायचा.

"कुठल्या खेड्यातल्या लॅबला दिलं होतं हे?" सर मोठ्याने म्हणाले.

मागचं दार उघडलं. भाऊराव गेलेच नव्हते. पहिला इम्प्लांटचा दात कसा बसतो ते कळावं म्हणून कंप्रेसरजवळ उभे राहिले होते. हातात प्लास्टरचा साचा घेऊन ते सरळ आत आले.

"साच्यावर बसते. पाहा." त्यांनी माझ्या हातातला दात घेतला, साच्यावर सोडला. टक्. फट नाही, काही नाही. "साच्यावर बसते, तोंडात बसत नाई. मंग साचा अन् तोंड येक नाईत. साचा मापातून आला. माप कोनं घेतलं?"

"हे कोण?" सरांनी मला विचारलं.

"लॅबचा माणूस," मी म्हणाले.

अकरा वर्षं ओळखत होते मी त्यांना.

"लॅबच्या माणसाला तुम्ही पेशंटसमोर येऊ देता?"

सरांसमोर माझा पाणउतारा झाला होता. प्रमिलाताई एकदा माझ्याकडे, एकदा भाऊरावांकडे पाहत होत्या. मला प्रचंड राग आला, आणि राग काढायला समोर सगळ्यात सोपा माणूस उभा होता. "वैरागडे, तुम्ही बाहेर थांबा," मी म्हणाले. "तुमचं काम चुकलंय. परत करून आणा."

नुसतं वैरागडे. भाऊसुद्धा नाही. त्यांनी साचा बंडीच्या टोकाने पुसला, खिशात घातला आणि मागच्या दाराने गेले. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा दात वेळेवर आला. डब्यात चिठ्ठी होती, पण तिच्यात टोमणा नव्हता. "पुन्हा केला. साच्यावर बसतो. एक्स-रे काढला होता का?" ती चिठ्ठी मी टराटरा फाडली. हा माणूस मला शिकवणार!

हाही दात तस्साच अडकला. मग मी तेच केलं जे सगळे करतात. आतून घासला, बाजूने घासला, चावण्याची बाजू घासली, सिमेंट लावलं आणि दाबून चढवला. प्रमिलाताईंना म्हणाले, "दोन दिवसांत सवय होईल."

सहा वाजता फोन वाजला.

"बसला का बसवला?"

"बसला."

"शप्पत?"

"शप्पत."

 मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. हळूच ठेवला. त्यानंतर त्यांनी माझं काम घेणं बंद केलं. डबा पाठवला की न उघडता परत यायचा.

दीड महिन्याने प्रमिलाताई आल्या. हात पुन्हा तोंडावर. दात डुगडुगत होता, त्याला हाडातल्या स्क्रूशी जोडणारा आतला छोटा स्क्रू सैल झाला होता, हिरडी सुजून लाल झाली होती.

"माह्यंच काई चुकलं असन मॅडम," त्या म्हणाल्या. "मी हरभरे खाल्ले होते."

सरांनी काही म्हटलं असतं, भाऊरावांनी शिव्या दिल्या असत्या, तर मी भांडले असते. हरभऱ्यांशी काय भांडणार? मी दात काढला, सूज उतरू दिली आणि मग तो माप घ्यायचा खुंटा पुन्हा लावून एक्स-रे काढला. खुंटा आणि स्क्रू यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ होती. हिरडीची कड खाली अडकत होती. मापाच्या दिवशीही अशीच अडकली असणार. दोन्ही दात बिनचूक होते. माप खोटं होतं.

स्वतःवर येणारा राग फार वाईट असतो. तो काढायला मागचं दार नसतं. मी एक्स-रे घेऊन नालवाडीला गेले.

भाऊराव एका जबड्यावर वाकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"भाऊ, माझं चुकलं," मी म्हणाले. "खुंटा बसला नव्हता. आणि मी खोटी शपथ घेतली."

"मले मालूम होतं."

"कसं?"

"तुमी नुसतं शप्पत म्हनल्या. खरं असतं तं म्हनल्या असत्या, वैरागडेभाऊ, डोकं खाऊ नका."

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. ती रेघ बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता ओरडत सुटतील. पण ते गोंधळल्यासारखे दिसले. एखाद्या डॉक्टरने येऊन "माझं चुकलं" म्हणायचं, याची त्यांना सवयच नव्हती.

"आता मंग मी भांडू कोनासंगं?" ते एकदम ओरडले.

"माह्यासंगं भांडा," आतून मंदाबाई म्हणाल्या. "गॅस संपला म्हून कालपासून सांगून राह्यली."

भाऊराव हसले नाहीत. चष्मा काढून ते म्हणाले, "माप चुकते मॅडम. मानूस हाय, चुकते. त्याचा राग नाई. पन तुमी मले बाहेर थांबा म्हनल्या."

 "या वेळी आत या," एवढंच मी म्हणू शकले. "पुढच्या दारानं."

ते आले तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. पांढरा सदरा, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, आणि भुवया काळ्या. त्यांनी तीन वेळा हात धुतले. प्रमिलाताईंना खिडकीशी नेऊन दातांचा रंग पाहिला, कारण ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. "तुमच्या दाताले चहाचा पिवळेपना हाय," ते म्हणाले. "तो मी ठिवीन. पांढराफेक केला तं लोकं तुमच्याकडं नाई, दाताकडं पाहतीन." मी हिरडीची कड मोकळी केली, खुंटा लावला, एक्स-रे काढला. तो त्यांनी पाहिला, मी पाहिला. रेघ नव्हती. मग माप घेतलं. सरांना आम्ही बोलावलंच नव्हतं.

भट्टीच्या दिवशी पुन्हा लाइटचा प्रश्न आला. चिनीमाती भाजताना आक्रसते, म्हणून दात आधी मोठा रचतात, आणि भाजणं मध्येच थांबलं की सगळा अंदाज बिघडतो. भाऊरावांनी वीज मंडळाला फोन करून मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. ते धूड भरदुपारी दारात धडधडायला लागलं तशी नालवाडी जमा झाली.

"वैरागडेभाऊ, कोनाचं लगन हाय?"

"दाताचं!" ते गरजले. "आहेर आनला असन तं या, नाईतं घरी जा!"

आठव्या दिवशी प्रमिलाताई खुर्चीत बसल्या. भाऊराव माझ्या खांद्यामागे उभे होते. मी दात बोटाने सोडला. तो गेला. नुसता गेला. बाजूने दोरा घातला, जरा अडून टक् करून निघाला, जसा निघायला हवा तसा. प्रमिलाताईंनी चावून पाहिलं. दातांमध्ये धरलेल्या रंगीत कागदाची खूण सगळ्या दातांवर सारखी पडली.

मी बाजूला झाले. भाऊरावांनी भिंग काढलं आणि वाकून पाहिलं. 

मी प्रमिलाताईंच्या हातात आरसा दिला. त्यांनी आरशात पाहिलं, ओठ हलले, आणि हसू येताच त्यांचा हात सवयीने तोंडावर गेला.

"हात खाली!" भाऊराव ओरडले.

प्रमिलाताई दचकल्या. मीही दचकले. भाऊराव आमच्यापेक्षा जास्त दचकले. मग ज्या आवाजात बोलले तो मी कधी ऐकला नव्हता.

"खाली घ्या ना, ताई. मले दिसत नाई."

प्रमिलाताईंनी हात खाली घेतला. आणि त्या हसल्या, मोकळ्या, हिरड्या दिसेपर्यंत. भाऊराव पाहत राहिले. भिंग हातात तसंच होतं.

"सत्तावीस वर्सं झाली हे काम करून राह्यलो," ते खाली पाहत म्हणाले. "हजारो दात केले. पन माह्या हातचा दात कोनी हसताना पाह्यला नोता. डबा देतो, घरी जातो. बसला का नाई, ते फोनवर इचारतो."

ते चहासाठी थांबले नाहीत. त्यांना काहीतरी काम आठवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी भाऊराव पुढच्या दाराने आले आणि पेशंटांच्या बाकावर बसले. "बाहेर लय ऊन हाय," ते म्हणाले. "जरासा टेकतो." पुढच्या मंगळवारीही आले. ऊन होतंच. मग पावसाळा लागला, तरी ते येऊन "ऊन हाय" म्हणायचे आणि पेपर उघडून त्यातल्या प्रत्येक बातमीवर चिडायचे. नवीन दात लावून कोणी आतून बाहेर आलं की पेपर दोन बोटं खाली यायचा.

मी कॅप लावायचं सगळं काम मंगळवारी ठेवायला लागले. पेशंटने विचारलं तर "नालवाडीचा आहे" म्हणून सांगू लागले. आणि आतला मोठा आरसा काढून बाहेरच्या खोलीत, त्या बाकासमोर लावला. नवा दात पाहायला पेशंट तिथेच येऊ लागले.

"आतला आरसा कुठी गेला?" भाऊरावांनी विचारलं.

"फुटला," मी म्हणाले.

"धड सांभाळता येत नाई तुमाले काई," ते म्हणाले आणि बाकावर थोडे सरकून, जिथून आरसा नीट दिसतो तिथे बसले.